मेंटेनन्स भाडेकरूचा, मीटिंग मालकांची

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली आणि तिच्या दारावर एक कागद चिकटवला गेला. ‘लिफ्ट बंद आहे. सहकार्य करावे.’ खाली तारीख नाही, सही नाही, कधी सुरू होणार तेही नाही. तो कागद सात आठवडे तिथेच होता. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. अम्मींच्या दोन्ही गुडघ्यांना संधिवात. पहिल्या आठवड्यात त्या दोनदा खाली उतरल्या, एकदा दवाखान्यात आणि एकदा पेन्शनच्या कामाला बँकेत. त्यानंतर त्यांनी उतरणंच सोडलं. बकरी ईदला नातेवाईकच धापा टाकत वर आले, आणि प्रत्येकाने पहिला प्रश्न हाच विचारला, ‘लिफ्टला काय झालंय?’

त्या काळात मेंटेनन्सची दोन बिलं आली. दोन्हींत ‘लिफ्ट देखभाल’ अशी ओळ होती. आम्ही दोन्ही भरली.

हे वाचून काहींना वाटेल, एका लिफ्टचं काय एवढं? पण भाड्याने राहणाऱ्या कुणालाही विचारून पाहा. कुठे पंप जळालेला असतो, कुठे जिन्यातला दिवा, कुठे गच्चीवरच्या टाकीचं झाकण उडालेलं असतं. पैसे भाडेकरू भरतो, गैरसोय भाडेकरू सोसतो, आणि विचारायला गेलं की उत्तर एकच मिळतं. आम्हालाही मिळालं. चेअरमन अगदी सभ्यपणे म्हणाले, “सर, तुम्ही मेंबर नाही ना. तुमच्या मालकांना सांगा, ते आम्हाला सांगतील.” आमच्या मालकीणबाई कोथरूडला राहतात, वय सत्तरीच्या पुढे. त्या म्हणाल्या, “अहो, मी तिकडे चार वर्षांत आलेली नाही. मला लिफ्टमधलं काय कळतं? तुम्ही चेअरमननाच भेटा.” ही टोलवाटोलवी तीनदा झाली.

इमारतीत बारा फ्लॅट आहेत. त्यातल्या सातांत भाडेकरू. चार फ्लॅटमध्ये स्पर्धा परीक्षेची मुलं, बीड, परभणी, लातूर, सोलापूरकडची. सदाशिव पेठ-नारायण पेठ म्हणजे आता अभ्यासिका, मेस आणि कॉट बेसिस, हे पुण्याबाहेरच्या वाचकांनाही माहीत आहे. बाराजणांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण तो मालकांचा. त्यात बाणेरचे आहेत, एक अमेरिकेतले आहेत. उद्या पाणी येणार नाही हे अमेरिकेत आदल्या रात्री कळतं. आम्हाला सकाळी नळ खोकला की कळतं.

वाड्यांपासून आजपर्यंत

आम्ही शिक्षक माणसं, सवयीने मागे जाऊन बघतो. नारायण पेठेत भाडेकरू आजचे नाहीत. केसरी वाडा, मोदी गणपती, पत्र्या मारुती या परिसरात एकेका वाड्यात दहा-पंधरा बिऱ्हाडं असायची. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या या पेठेत पाणी शिरलं आणि कितीतरी वाडे बसले. जे उरले ते हळूहळू खचत गेले, आणि त्याचं कारण पाण्यापेक्षा कागदात जास्त होतं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडं जवळजवळ गोठवून टाकलं. भाडेकरूला सहजासहजी कुणी काढू शकत नव्हतं, ही त्याची मोठी ताकद. पण महिन्याला तीस-चाळीस रुपये मिळवणारा मालक कौलं कुठून बदलणार? त्याने बदलली नाहीत. भाडेकरू म्हणायचा घर मालकाचं, मालक म्हणायचा राहतो कोण. वाडा दोघांच्या डोक्यावर गळत राहिला. आजही दर पावसाळ्याआधी महापालिका पेठांमधल्या धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, त्यामागे हीच कहाणी आहे.

पुढे मलपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की इतकं गोठलेलं भाडं आता न्याय्य राहिलेलं नाही. मग राज्याने नवा कायदा केला, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. यात मालकाला वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली आणि भाडेकरूचं संरक्षणही राहिलं. कलम १४ म्हणतं, घर राहण्याजोगं ठेवणं, दुरुस्ती करणं ही मालकाची जबाबदारी. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. कलम २९ तर आमच्यासाठीच लिहिलंय असं वाटलं. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई या अत्यावश्यक सेवा सबळ कारणाशिवाय तोडता किंवा अडवून ठेवता येत नाहीत.

हे वाचून आम्ही खूश झालो. नोटिशीचा मसुदाही तयार केला, उर्दूत विचार करून मराठीत लिहिला, त्यामुळे जरा लांबला. मग एका वकील मित्राला दाखवला. त्याने पहिली दोन पानं वाचली आणि आमचा करार मागितला. तो चाळून म्हणाला, “सर, तुम्ही भाडेकरू नाहीच.”

अकरा महिन्यांचा माणूस

आमचा करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चा आहे, पुण्यात आज जवळजवळ सगळ्यांचा असतो तसा. कायद्याच्या भाषेत आम्ही भाडेकरू नाही, लायसन्सी आहोत, म्हणजे परवानगीने राहणारे. कलम १४ मधली वळती करून घेण्याची सोय ‘भाडेकरू’साठी आहे. लायसन्सीच्या बाबतीत हा कायदा स्पष्टपणे बोलतो ते मुख्यतः मालकाच्या बाजूने. कलम २४ प्रमाणे मुदत संपली आणि घर सोडलं नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि राहिलेल्या काळाचं दुप्पट भाडं मागू शकतो. दिवाणी न्यायालयाचा दरवाजा आम्हाला बंद नाही, पण अकरा महिन्यांच्या मुक्कामात लिफ्टसाठी तिथे कोण जाणार?

म्हणजे झालं असं. वाड्यातल्या जुन्या भाडेकरूला हक्क होता, पण भाडं इतकं कमी होतं की दुरुस्ती होत नव्हती. आजचा भाडेकरू बाजारभावाने भाडं देतो, वर मेंटेनन्स देतो, डिपॉझिट देतो, आणि त्याला हक्क नाही. तेव्हा पैसा नव्हता म्हणून जिना मोडका होता. आता पैसा आहे, तो वेळेवर भरलाही जातो, पण ज्याच्या पायाखाली जिना आहे त्याला सभेत बसता येत नाही, आणि ज्याला बसता येतं तो जिना चढत नाही. आमच्या मते सगळ्या गैरव्यवस्थेची मुळी इथे आहे. कमिटीवाले वाईट म्हणून हे होतं असं समजणं सोपं आहे, पण ते खरं नाही.

कमिटीच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. आमचे चेअरमन निवृत्त बँक कर्मचारी आहेत. कामाचा एक रुपया घेत नाहीत. बारापैकी चार मालक इथे राहतात, एक फ्लॅट कुलूपबंद. वार्षिक सभेला पाच माणसं जमली तर खूप झालं. दोन मालकांची तीन वर्षांची थकबाकी आहे. सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नाही. लिफ्टवाल्या कंपनीने मोटर आणि कंट्रोल पॅनल बदलण्याचा खर्च सांगितला तो दोन लाखांच्या वर होता आणि खात्यात साठ हजार होते. हे आम्हाला त्यांनीच सांगितलं, पुढे, चहा पिताना. आधी सांगितलं असतं तर आमचा राग निम्मा झाला असता.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती सगळ्यात महत्त्वाची. “रिडेव्हलपमेंटचं चाललंय. मग आता लिफ्टवर कशाला खर्च?”

पेठांमध्ये हे वाक्य प्रत्येक जिन्यात ऐकू येतं. वाडे पाडून ऐंशी-नव्वदच्या दशकात उभ्या राहिलेल्या या इमारती आता तीस-पस्तीस वर्षांच्या झाल्यात. मेट्रो १ ऑगस्ट २०२३ ला डेक्कनवरून पुढे गेली तेव्हापासून बिल्डरांच्या फेऱ्या वाढल्यात असं आमचे शेजारी सांगतात. बिल्डर येतो, चहा होतो, आराखडा दाखवतो, निघून जातो. पार्किंग बसत नाही, रस्ता अरुंद, मालकांत एकमत नाही. त्यात पाच-सात वर्षं सहज जातात. तेवढी वर्षं इमारत ‘पडणारच आहे’ म्हणून सांभाळली जात नाही. मालकाला त्याचं दुःख नाही, कारण त्याला शेवटी नवा फ्लॅट मिळणार आहे. मधली वर्षं काढतो भाडेकरू, आणि करार झाला की सगळ्यात आधी सामान हलवावं लागतं त्यालाच.

वास्तविक इमारत पाडायची असो वा नसो, कायदा थांबत नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षं झालेल्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यावी लागते. लिफ्टसाठी २०१७ चा स्वतंत्र राज्य कायदा आहे, त्याआधी १९३९ चा होता. आगीपासून बचावाचा कायदा २००६ चा. त्यात यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावं लागतं. आमच्या जिन्यातल्या आगविझवणीच्या नळकांड्यावरची तारीख आम्ही वाचली. ती इथे लिहीत नाही.

इथे एक दरवाजा आम्हाला दिसला. सोसायटीच्या सभेत बसायला सभासद असावं लागतं, पण लिफ्ट निरीक्षकाला, अग्निशमन दलाला किंवा महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला पत्र लिहायला सभासद असावं लागत नाही. तिथे राहणारा माणूस पुरेसा आहे. नारायण पेठेसाठी ते कार्यालय म्हणजे कसबा-विश्रामबागवाडा.

सोसायटी की अपार्टमेंट, हाही घोळ आधी निस्तरावा लागतो. आपण बोलताना सगळ्यालाच सोसायटी म्हणतो. आमची इमारत मात्र १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखालची निघाली, १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखालची नाही. हे कळायला आम्हाला दोन महिने लागले, कारण दोन मालकांनाही ते माहीत नव्हतं. सहकारी सोसायटी असेल तर काही गोष्टी स्पष्ट आहेत. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत झाली पाहिजे. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड वेगळे जमले पाहिजेत. भाडेकरू ठेवल्याबद्दल मालकाकडून घ्यायचा बिनभोगवटा आकार सेवा आकाराच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. तसा शासनाचा आदेश १ ऑगस्ट २००१ चा आहे आणि तो उच्च न्यायालयातही टिकला. ‘भाडेकरू असेल तर महिना दोन हजार जादा’ असं कुणी सांगत असेल, तर मालकाला हा आदेश दाखवा. कारण ते दोन हजार शेवटी तुमच्याच भाड्यात येतात.

आपण गप्प का बसतो

आता आपल्या घरातली गोष्ट. हे घर मिळण्याआधी आम्ही अकरा घरं पाहिली. म्हणजे पाच पाहिली, सहा फोनवरच संपली. आडनाव सांगितलं की पलीकडून ‘मी मिस्टरांना विचारून सांगते’. हा अनुभव आमचा एकट्याचा नाही. मुस्लिमांना अनेक वस्त्यांत घर विकत किंवा भाड्याने मिळणं अवघड जातं हे सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवलं. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास करून २०१५ मध्ये तेच दाखवलं, दलितांबाबत आणि मुस्लिमांबाबत. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीला सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवू दिलं, तेही लक्षात ठेवावं लागतं.

आमच्या मालकीणबाईंनी मात्र एकच प्रश्न विचारला होता, “भाडं वेळेवर द्याल ना?” आम्ही दिलं, आणि त्या घरात आलो ते उपकाराचं ओझं घेऊनच. लिफ्ट बंद पडली तेव्हा अम्मी म्हणाल्या, “बेटा, सब्र करो. घर मिला है ना.” शेजारच्या परभणीच्या मुलाचे अब्बू फोनवर त्याला तेच सांगत होते. तक्रार केली तर ‘यांना घर द्यायलाच नको होतं’ असं कुणी म्हणेल, ही भीती आमच्या मनात होती, आणि ती खोटी नव्हती. तिची किंमत मात्र सात आठवडे अम्मींचे गुडघे देत होते. घर मिळायला जितका त्रास, तितकं त्या घराबद्दल बोलणं कमी. चांगल्या मालकाशीसुद्धा आपण सरळ बोलत नाही.

आणि आपल्या मोहल्ल्यांत तरी काय वेगळं आहे? कोंढव्यात, भवानी पेठेत मालक आपला, भाडेकरू आपला. तिथे आडनावाची अडचण नाही. पण ‘अपनेही लोग हैं’ म्हणून करार नोंदवत नाहीत, पावती देत नाहीत, डिपॉझिट तोंडी. आमच्या शाळेतल्या एका पालकाचं डिपॉझिट आजही अडकलेलं आहे, आणि कागद नसल्यामुळे ते मशिदीच्या कट्ट्यावर चार वडीलधाऱ्यांना मध्ये घालून मागावं लागतंय. आमच्या वाचकांत घरमालकही बरेच आहेत, म्हणून सांगतो. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदणीला खर्च फार नाही. अठरा हजार भाडं आणि साठ हजार डिपॉझिट धरलं तर अकरा महिन्यांच्या कराराला पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क पाचशेच्या आसपास येतं, नोंदणी फी एक हजार. घरी बसून ऑनलाइन होतं.

लायसन्सीला कायदा फारसं देत नसेल, तर जे मिळवायचं ते करारातच लिहून घ्यावं लागतं. आपण करारात भाडं, तारीख आणि डिपॉझिट एवढंच वाचतो. बाकीची आठ पानं एजंटच्या कॉम्प्युटरमधून येतात आणि त्यात रंगकामापासून खिळ्यांपर्यंत सगळी बंधनं आपल्यावर असतात. या वेळी आम्ही तीन ओळी घालायला लावल्या. मेंटेनन्सची पावती आमच्या नावाच्या उल्लेखासह मिळेल. लिफ्ट किंवा पाणी ठरावीक दिवसांपेक्षा जास्त बंद राहिलं तर त्या काळाचा मेंटेनन्स मालकीणबाई सोसतील. आणि सभेत घराविषयीचा प्रश्न आम्ही लेखी दिला तर त्या तो मांडतील किंवा पाठवतील. एजंट म्हणाला असं कुणी लिहीत नाही. मालकीणबाई म्हणाल्या, “लिहा हो, बरोबरच आहे.” आम्ही उगीचच दोन वर्षं घाबरलो होतो.

लिफ्टचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. सात भाडेकरूंनी मिळून एक पत्र लिहिलं. धमकी नाही, नोटीस नाही. लिफ्ट कधीपासून बंद आहे, कोणत्या मजल्यावर किती वयाची माणसं आहेत, किती मेंटेनन्स भरला, आणि लिफ्टची शेवटची तपासणी कधी झाली हे कळवावं, एवढंच. पत्र सातही मालकांना आणि कमिटीला दिलं, पोच घेतली. मुलांना सही करायला भीती वाटत होती, खोली जाईल म्हणून. मग सह्या गोल काढल्या, म्हणजे पहिली कुणाची ते कळू नये. ही युक्ती त्यांचीच. पत्रावर लिहिलं होतं की पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर हीच प्रत लिफ्ट निरीक्षकांकडे जाईल. बाराव्या दिवशी अमेरिकेतल्या मालकांनी ग्रुपवर आपला वाटा पाठवल्याचं टाकलं, असं चेअरमननीच सांगितलं. थकबाकीदारांपैकी एकाने भरले. लिफ्ट जुलैच्या मध्याला सुरू झाली. अम्मी पहिल्याच दिवशी खाली गेल्या आणि लक्ष्मी रोडवरून विनाकारण दुपट्टा घेऊन आल्या.

जिन्यातला दुसऱ्या मजल्यावरचा दिवा अजून लागत नाही. गच्चीवरच्या टाकीला झाकण नाही. त्या पत्रावर सह्या केलेल्या सात घरांपैकी आज इमारतीत दोनच उरलेत. बाकीच्यांचे अकरा महिने संपले, दोघांची परीक्षाही झाली. परवा दुसऱ्या मजल्यावर धाराशिवचा नवा मुलगा आला. पाणी किती वाजता येतं विचारायला वर आला होता. आम्ही त्याला पत्राची झेरॉक्स दिली. त्याने ती नीट वाचली, घडी घातली आणि विचारलं, “सर, बिल्डिंगचा ग्रुप असेल ना? मला ॲड करता का?”